बाळापूरची गाडी

एसटीची पहिली पायरी एवढी उंच ज्यानं ठरवली, त्याला एकदा माझे गुडघे लावून द्यावेत, असं मला दर मंगळवारी वाटायचं. एक हात दांड्याला, दुसऱ्या हातात पिशवी, मागून कोणीतरी "चला आज्जी, चला" करत ढकलणारं, अन् कसंबसं चढून आत बघावं तर गाडी नांदेडहूनच भरून आलेली. आखाडा बाळापूरला चार माणसं उतरतात अन् वीस चढतात. त्या विसातली मी एक.

पंचाहत्तरी उलटली की तिकीट लागत नाही. कंडक्टरला आधार कार्ड दाखवायचं, तो मशीनमधून शून्य रुपयांचं तिकीट काढून हातात देतो, काम झालं. पण तिकीट फुकट झालं म्हणून जागा मिळते असं नाही. एखादं कॉलेजचं पोरगं उठतं, खोटं कशाला बोलू. बाकीच्यांना मात्र माझ्याकडं नजर गेली की लगेच झोप लागते. कोणीतरी मागून पुटपुटतं की ह्या म्हाताऱ्यांना फुकट झाल्यापासून घरात बसवेनाच. मीही काही कमी नाही. जन्मभर शिवणकाम केलेली बाई, गिऱ्हाइकांच्या तोंडाला तोंड देत जगले. एकदा असंच बोलणाऱ्या एकाला म्हटलं, "बाबा, तुला बी लागंल पंचाहत्तरावं, घाई करू नको." तो कळमनुरी येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसला.

आता 'धर्माची गाय, दात का गं न्हाईत' असं म्हणू नये, हे मलाही कळतं. फुकट मिळतंय तर गप बसावं. पण कंबर काही फुकट-विकत ओळखत नाही. कळमनुरीपर्यंत उभं राहिलं की ती ठणकायला लागते आणि हिंगोलीला उतरेस्तोवर माझी मी राहत नाही.

बाळापूरला बाजाराच्या मागच्या गल्लीत माझं मशीन होतं. तीन पिढ्यांच्या बायांची झंपरं मी शिवली. कोणाच्या कोणत्या खांद्याला उतार आहे ते मला तिच्या नवऱ्यापेक्षा जास्त ठाऊक. मग डोळ्यांनी दगा दिला, सुईत दोरा ओवता येईना, आणि मशीनवर चादर घालून टाकली. आमचे मालक त्याच्या आधीच वारले होते. पोरगा आणि सून दोघंही चांगली आहेत, उगाच नावं ठेवणार नाही. पण मला फुकट झाल्यावर घरात माझी किंमत वाढली, हेही खरंच आहे. कळमनुरीला तहसीलात कागद द्यायचाय? माय जाईल. हिंगोलीहून औषध आणायचंय? मायला कुठं तिकीट लागतंय. वसमतकडं कोणाचं तेरावं आहे, आपल्या घरचं तोंड दिसलं पाहिजे, तर ते तोंड माझंच. सोयऱ्याधायऱ्यांत कोण मेलं की मी आधी गाडीची वेळ बघायची. एका साली इतक्या मौती झाल्या, की गल्लीतल्या बाया मला पिशवी घेऊन निघालेलं बघितलं तरी विचारायच्या, कोण गेलं वं?

अशी सगळ्यांसाठी हिंडत होते. स्वतःसाठी कुठं जावं, हे सुचायलाच मला वेळ लागला. सुचलं तेव्हा आक्का आठवली.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. माय आमची सदा शेतात, त्यामुळं मला आक्कानंच कडेवर वागवलं. न्हाऊ घालणं, केस विंचरणं, दणका देणं, सगळं तिच्याच हातचं. ती सेनगावच्या पुढं दिली, मी बाळापूरला. जिल्ह्याची दोन टोकं. मधे माहेर होतं तोवर दिवाळीला, पंचमीला भेट व्हायची. मग भाऊ गेला, भावजय पोरांपाशी पुण्याला गेली, वावर विकलं, घर विकलं. आता माहेर म्हणजे हिंगोलीला जाताना खिडकीतून दिसणारं एक पत्र्याचं छप्पर, आणि त्याखाली दुसऱ्याच कोणाचा ट्रॅक्टर. त्यानंतर आक्काची भेट फक्त लग्नात नाहीतर मौतीत. लग्नात आवाजानं बोलता येत नाही आणि मौतीत बोलू नये.

तिच्या घरी जाऊन राहावं तर तिथं लेक, सून, नातवंडं, दोन खोल्या. तिनं माझ्याकडं यावं तरी तेच. बहीण बहिणीकडं दोन दिवस राहिली की तिसऱ्या दिवशी भांड्यांचा आवाज वाढतो. घरोघरी मातीच्या चुली. तर एकदा तिच्या सुनेच्या फोनवर मी आक्काला म्हटलं, की तुला फुकट, मला फुकट, तर आपण मधे भेटू. तू तिकडून ये, मी इकडून येते, हिंगोलीच्या स्टँडवर. आक्का आधी हसली, मग म्हणाली की सोमवारी तिला उपास असतो, तर मंगळवारी ये.

असा आमचा मंगळवार ठरला.

स्टँडवर एका पंख्याखाली बाकडं होतं. पंखा फिरायचा कमी, कुरकुरायचा जास्त. पण तिथून नांदेडकडची गाडी लागताना दिसते म्हणून आक्कानं ते धरलं होतं. तिची गाडी आधी यायची. मी उतरले की बघायचे, ती बाकड्यावर पाय वर घेऊन, मान उंच करून, दारातून उतरणारी एकेक बाई तपासतेय. गाडीच्या पाटीवर नांदेड-हिंगोली लिहिलेलं असायचं, पण आक्काच्या लेखी ती बाळापूरची गाडी. नांदेडशी तिचं काय काम?

ती तुरीच्या उकडलेल्या शेंगा आणायची, थंडीत हुरडा आणायची, काही नसलं तर शेंगदाण्याची चटणी. मी ओल्या हळदीचं लोणचं न्यायचे. भाकरी दोघींच्या, पण खायच्या एकमेकींच्या. बोलायचो काय? काहीच नाही. कोणाची म्हैस व्याली, कोणाच्या पोरीची सोयरीक मोडली, भावजयीला पुण्यात पाणी मानवलं का. माय बेसनात ओवा घालायची का नाही, यावरून तर आम्ही एक अख्खा मंगळवार भांडलो.

आणि जेवण झालं की आक्का पिशवीतून फणी काढायची. लाकडाची, दोन दात पडलेली. "फिर तिकडं," म्हणायची, अन् माझा बुचडा सोडून, भरल्या स्टँडवर, माझे केस विंचरायला बसायची. खोबरेलाची बारकी बाटली असायचीच. पहिल्यांदा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. समोर कॉलेजच्या पोरी, पोलीस, भेळवाला, सगळे बघत होते. मी म्हटलं, आक्का, सोड, लोक बघून राहिले. तिनं फणी काही थांबवली नाही.

"बघू दे," म्हणाली. "त्यांला बहीण नसंल."

त्यानंतर मी कधी नको म्हटलं नाही. एवढ्या वयात आपल्या डोक्याला कोण हात लावतं? सून औषध देते, पोरगा दवाखान्यात नेतो, सगळं करतात. पण केसात बोटं कोणी घालत नाही. आक्काची बोटं खरबरीत, निंदून-खुरपून भेगा पडलेली, केस अडकायचे त्यात. अडकले की मी ओरडायचे, आणि ती माझ्या पाठीत हलकासा धपाटा घालायची. मग आधी तिची गाडी लागायची. मी तिला बसवून द्यायचे आणि माझ्या गाडीची वाट बघत बाकड्यावर परत यायचे. घरी पोचल्यावर अंग मोडून यायचं. सून म्हणायची, एवढी तकलीफ कशाला करून घेता? मी म्हणायचे, पुढल्या मंगळवारी न्हाई जाणार. आणि पुढल्या मंगळवारी फाट्यावर उभी.

कार्ड जपायला म्हणून मी दोन चंच्या शिवल्या. मशीनवरची चादर काढून केलेलं माझं शेवटचं काम ते. एका खणाचा तुकडा उरला होता, जांभळा, हिरव्या काठाचा. त्यातून एक तिची, एक माझी. गळ्यात अडकवायची, झंपराच्या आत सोडायची. कापड एक, नाडी एक, माप एक. मोठी हौस मला! दोन्हींना वेगळ्या रंगाचा दोरा घातला असता तर काय बिघडलं असतं? पण बहिणी-बहिणींचं सारखंच पाहिजे, हे लहानपणापासून डोक्यात बसलेलं.

व्हायचं तेच झालं. उन्हाळ्यातला मंगळवार होता, अंगाची काहिली होत होती. आम्ही दोघींनी चंच्या काढून बाकड्यावर ठेवल्या, आळीपाळीनं नळावर जाऊन तोंड-मान धुतली. गाडी लागली म्हणून घाईत चंच्या उचलल्या, गळ्यात घातल्या. मी बाळापूरला आले. कंडक्टरला कार्ड दाखवलं, त्यानं बघितलं, तिकीट दिलं. त्याचाही काय दोष? फोटोत आम्ही दोघी सारख्याच, डोक्यावर पदर आणि चेहऱ्यावर घाबरल्यावाणी भाव. पुढं गॅसच्या कामासाठी पोरानं माझं कार्ड मागितलं तेव्हा तो बघतच राहिला. म्हणाला, माय, ही तर मावशी हाय.

आक्काला फोन लावला तर तिला हसू आवरेना. तिचं कार्ड माझ्या गळ्यात अन् माझं तिच्या. वर मी तिच्याहून वयानं मोठी निघाले. आमच्या वयाच्या सगळ्या बाया कागदावर एक जानेवारीलाच जन्मल्या, आणि साल लिहिणाऱ्याच्या मर्जीवर. त्यानं मला थोरली करून टाकलं होतं. "आता तुझ्या पाया पडू का?" असं आक्कानं विचारलं. पुढच्या मंगळवारी बदलून घेऊ असं ठरलं आणि पुढच्या मंगळवारी आम्ही विसरलो. त्याच्या पुढच्या मंगळवारीही विसरलो. पोराचं काम झेरॉक्सवर भागलं होतं. मग ते तसंच राहिलं. तिच्या नावानं मी हिंडत होते, माझ्या नावानं ती.

मी विसरले ती गप्पांच्या नादात. आक्काचं विसरणं निराळं होतं, ते मला उशिरा लक्षात आलं. आधी ती एकच गोष्ट दोनदा सांगायला लागली. मग चार वेळा. मग एकदा भाकरीचा तुकडा हातात धरून विचारलं, की भाऊ काहून आला न्हाई अजून? भाऊ जाऊन किती वर्षं झाली. मी चिडले. "आक्का, तो मेला, तू आलीस ना मातीला," असं फाडकन बोलून गेले. तिचा चेहरा असा झाला की जणू आत्ताच बातमी आली. भर स्टँडवर ती भावासाठी रडली. नव्यानं रडली. त्या दिवसापासून भाऊ कुठंय विचारलं की मी सांगायचे, येऊन राहिला, मागच्या गाडीनं येईल. तेवढ्यावर तिचं समाधान व्हायचं.

आणि एका मंगळवारी बाकडं रिकामं होतं.

मी बसले. सेनगावकडच्या गाड्या आल्या अन् गेल्या. सगळ्या रिकाम्या झाल्या तरी दारातून आक्का उतरेना. जीव टांगणीला लागला. संध्याकाळी घरी आले तर भाच्याचा फोन आला. आक्का सेनगावला उलट्या गाडीत बसून रिसोडला पोचली होती. तिथं स्टँडवर बसून होती दिवसभर, प्रत्येक गाडी उतरताना बघत. तिथल्या कोणा भल्या बाईनं चौकशी करून गावाकडं निरोप लावला, म्हणून घरी आली. भाचा फोनवर रडत होता. इतका मोठा बाप्या, पण रडत होता. म्हणाला, मावशी, झालं आता, आईचं फिरणं बंद. कार्ड मी कपाटात कुलपात टाकलंय. कार्ड न्हाई तर गाडी न्हाई. तू बी बोलवू नको तिला.

मी बरं म्हटलं. दुसरं काय म्हणणार? त्याचं काही चुकीचं नव्हतं. पण फोन ठेवल्यावर माझा हात आपसूक गळ्यात गेला. त्यानं कुलपात टाकलं होतं ते कार्ड माझं होतं. आक्काचं माझ्यापाशी होतं. काखेत कळसा अन् गावाला वळसा म्हणतात तसं. मला हसूही आलं नाही.

पुढचे मंगळवार मी घरात काढले. कंबरेला आराम पडला, सून खूश झाली. मला मात्र घर खायला उठायचं. भाच्याला फोन करावा तर तो सोयाबीनच्या काढणीत. एकदा त्याची बायको सापडली फोनवर. म्हणाली, मावशी, त्यांला रोजच मंगळवार असतो. सकाळ झाली की फणी, तेलाची बाटली, भाकर फडक्यात बांधून दारात बसतात. हिंगोलीला जायचं म्हणतात. दुपारपर्यंत बसतात आणि मग उठतात.

ते ऐकून मला राहवलं नाही. दुसऱ्या दिवशी निघाले. बाळापूरहून हिंगोली, हिंगोलीहून सेनगाव, सेनगावहून पुढची गाडी. तीन गाड्या, तीनदा ती पायरी. सेनगावनंतर रस्ता असा की पोटातलं पाणी हलून जातं. सगळीकडं सोयाबीन काढून पडलेलं, धूळ नुसती. मी मनात एकच घोकत होते, की मला बघितलं की ती म्हणंल, आली का गं, एवढा उशीर?

आक्का दारातच बसली होती. मला बघून उठली, पदर सारखा केला, अन् म्हणाली, "या, बसा. कुठून आलाव तुमी?"

मला वाटलं थट्टा करतेय. नव्हती करत. तिनं मला सतरंजी टाकली, सुनेला आवाज देऊन चहा ठेवायला सांगितला, लेकरंबाळं बरी हायेत का विचारलं. परक्या पाहुणीला विचारतात तसं, मर्यादेनं. जिनं माझी हगणी-मुतणी काढली ती बाई मला तुमी म्हणत होती. सून माझ्या कानाशी येऊन म्हणाली, मनावर घेऊ नका मावशी, कधी कळतंय त्यांला, कधी न्हाई. लोकांना अशा वेळी रडू येतं म्हणे. मला राग आला. तिचा आला, देवाचा आला, तीन गाड्या बदलून आले त्या माझ्या गुडघ्यांचाही आला.

मग माझ्या डोक्यानं घेतलं, की ही इथं मला ओळखायची नाही. इथं मी कधी होतेच कुठं? इथं ती कोणाची आई, कोणाची सासू, कोणाची आजी. माझी बहीण ती हिंगोलीच्या बाकड्यावर होती. तिथं नेली तर ओळखील. बाकडं दिसलं, पंखा दिसला, की ओळखील. खुळ्यासारखं होतं, पण मी ते धरून बसले.

भाचा वावरातून आला तेव्हा त्याला सांगितलं. तो कावला. म्हणाला, इथं बस ना तिच्याजवळ, पाहिजे तितके दिवस बस, स्टँडवर काय ठेवलंय? त्याला काय सांगू मी? मी एवढंच म्हटलं, की एक डाव जाऊ दे. मी नेते, मीच आणते, हात सोडणार न्हाई. तो म्हणाला, अन् कार्ड? ते मी देणार न्हाई, एकदा दिलं की तिला रोज पाहिजे.

मी झंपरातून चंची काढली आणि आक्काचं कार्ड त्याच्या पुढं ठेवलं.

त्यानं ते उलटसुलट केलं. मग उठला, कपाट उघडलं, आतली चंची काढली. तसाच जांभळा खण, तसाच हिरवा काठ. आतलं कार्ड वाचून तो मटकन खाली बसला. इतके दिवस त्यानं आईला अडवायला मावशीला कुलपात ठेवलं होतं. हसावं का रडावं त्याला कळेना. बायको मात्र पदर तोंडाला लावून हसली. शेवटी तो म्हणाला, "मावशी, एकच डाव. अन् उलटं-सुलटं झालं तर मी तुला कधी माफ करणार न्हाई." मी मान हलवली.

मंगळवार येईपर्यंत मी तिथंच राहिले. आक्का रोज मला दोनदा तरी चहाचं विचारायची आणि तुमच्या घरी वाट बघत असतील म्हणायची. मंगळवारी मात्र तिला कुठं जायचं हे सांगावंच लागलं नाही. हिंगोली म्हटल्याबरोबर फडकं घेऊन उभी. दोन्ही कार्डं माझ्या गळ्यात, तिचा हात माझ्या हातात. सेनगावला गाडीत चढताना मी तिला खालून लोटलं आणि मला मागच्या एका बाईनं लोटलं. कंडक्टरनं दोन्ही कार्डं बघितली आणि दोघी बहिणी का, असं विचारलं. मी व्हय म्हटलं. आक्का खिडकीबाहेर बघत होती. मी तिचा हात इतका घट्ट धरला होता की उतरल्यावर बोटं सरळ होईनात.

पण स्टँडवर पाय ठेवला आणि तिची चालच बदलली. मला ओढतच निघाली. माणसं चुकवत, सामानावरून पाय टाकत, सरळ आमच्या पंख्याखाली. बाकड्यावर कोणी पोरं बसली होती, त्यांना हातानंच सरका म्हटलं आणि पाय वर घेऊन बसली. म्हटलं, आली. माझी आक्का आली परत.

मी फडकं सोडलं. तिनं भाकर मोडली. एक अर्धी मोडून-मोडून आम्ही दोघींनी खाल्ली, चटणीबरोबर. दुसरी अर्धी तिनं परत फडक्यात बांधून बाजूला ठेवली. मी म्हटलं, खा की. ती म्हणाली, असू दे. मला वाटलं, भूक कमी झाली असेल.

मग मी सरकून तिच्याकडं पाठ केली आणि बुचडा सोडला. थोडा वेळ काहीच झालं नाही. स्टँडवर भोंग्यात गाड्यांची नावं पुकारत होते, भेळवाला ओरडत होता, मला काही ऐकू येत नव्हतं. मग पिशवी खसफसली. तेलाचा गार थेंब टाळूवर पडला, फणी फिरायला लागली, दोन दात पडलेली. त्याच भेगाळल्या बोटांत माझे केस अडकले. मी डोळे मिटले. एवढ्या दिवसांचा सगळा शीण त्या बोटांतून निघून चालला होता. गुता निघेना तशी तिनं फणी ठेवली आणि बोटांनी हळूहळू सोडवायला लागली.

"किती गुता झालाय वं," ती म्हणाली. "तुमच्या केसाला कुणी हात लावत न्हाई का? बहीण न्हाई का तुमाला?"

मी डोळे उघडले नाहीत. उघडले असते तर सगळं तिथंच सांडलं असतं.

"हाय," म्हटलं. "थोरली हाय. मंगळवारी भेटती मला. हितंच."

"माझी बी भेटती हितंच," आक्का म्हणाली, अन् तिचा आवाज एकदम उजळला. "धाकटी हाय माझी. बाळापूरची गाडी आली की येतीच ती. तिच्यासाठी अर्धी भाकर ठेवलीय मी. तुमी लगेच जाऊ नका, भेटूनच जा."

मी बरं म्हटलं. समोर नांदेडची गाडी येऊन लागली, दार उघडलं, माणसं उतरायला लागली. आक्का फणी हातात धरून, मान उंच करून, उतरणारी एकेक बाई बघत होती. तिच्या शेजारी बसून मीही बघत राहिले.